वेशीवरची राळ

आबांनी आयुष्यभर सातेरी, म्हणजे इथलीच देशी मधमाशी पाळली. महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला आमचं घर, मागे जांभळीची आणि हिरड्याची झाडं, त्यांच्या सावलीत दगडांवर ठेवलेल्या पेट्या. बोटावर मध घेऊन हा गेळ्याच्या फुलांचा की व्हायटीच्या, हे आबा डोळे मिटून सांगत. अशा माणसाला मधमाशीबद्दल काही नवं सांगायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

ती चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आली. माझा चुलतभाऊ मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय माशीच्या, पेट्या घेऊन देशावर सूर्यफुलाच्या मागे फिरतो. त्याने त्यातल्या दोन आमच्या परड्यात आणून ठेवल्या. आबांनी सवयीने झाकण उचलायला हात घातला, तर ते निघेना. शेवटी पटाशीचं टोक घालून उचकटावं लागलं. आत प्रत्येक फट तांबूस तपकिरी लुकणाने बुजवलेली, चौकटी एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या. आबांच्या बोटांना तो चिकटा लागला, तो रॉकेलनेसुद्धा नीट जाईना. त्यांनी बोटं नाकाशी नेली.

"मेण न्हाई हे," ते म्हणाले. "राळंचा वास येतोय. ही माशी दारं का बुजवतीया गं?"

सातेरी राळ गोळा करत नाही, निदान लक्षात येईल इतकी तरी नाहीच. साठ वर्षं माश्यांत घालवलेल्या माणसाने ती पाहिली नव्हती याचं कारण एवढंच. मेलिफेरा मात्र झाडांच्या कोंबांवरून, सालीच्या जखमांवरून राळ खरवडते, मागच्या पायांवर तिचा गोळा करते, पेटीत आणून मेणात कालवते आणि आतून सगळं घर लिंपून काढते. उंदीर पेटीत शिरून मेला तर एवढं मोठं धूड ओढून बाहेर टाकणं माश्यांना जमत नाही. मग त्या त्याला राळेने मढवून टाकतात आणि तो न सडता तिथेच वाळतो. या राळेचं जगभर चाललेलं नाव प्रोपोलिस. शब्द ग्रीक आहे: प्रो म्हणजे पुढे, पोलिस म्हणजे नगर. नगराच्या पुढ्यातली. आमच्याकडे त्या जागेला वेस म्हणतात, आणि वेशीवर काय असतं हे कुणाला सांगायला नको. रोगराई आत येऊ नये म्हणून नारळ फुटतो तो वेशीवरच.

मी आबांना हे सगळं सांगितलं. मी प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे सांगायची सवय आहे. पण सांगता सांगता माझं मन त्या पेटीपाशी राहिलं नाही. ते मुझफ्फरपूरला गेलं.

१९९६ चा मार्च. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी सहा आठवडे उत्तर बिहारमध्ये होते. लिचीचा मोहर तेव्हा ऐन भरात असतो. मुझफ्फरपूरच्या बागांमधून सायकल रिक्षा गेली की दोन्ही बाजूंना मधपेट्यांच्या रांगा दिसत आणि गुणगुण इतकी, की बोलताना आवाज चढवावा लागे. लिचीचा मध तिथला नावाजलेला. आणि तोच जिल्हा काळा आजाराचं केंद्र.

काळा आजार म्हणजे लेशमानिया नावाच्या एकपेशीय परजीवीने होणारा रोग. वाळूमाशी चावते, परजीवी रक्तात उतरतो आणि आपल्याच संरक्षक पेशींमध्ये जाऊन राहतो. ताप महिनोन् महिने रेंगाळतो, प्लीहा फुगत फुगत बेंबीखाली येते, अंगावर मांस राहत नाही. उपचार मिळाला नाही तर माणूस सहसा वाचत नाही. वाळूमाशी मातीच्या ओलसर भिंतींच्या भेगांत, गोठ्यात राहते, म्हणून हा रोग कुणाच्या घरी जातो हे वेगळं विचारावं लागत नाही. माझं काम होतं काचपट्ट्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजणं. गिम्साच्या जांभळट रंगात एकेका पेशीत ते लंबगोल जीव दिसायचे, प्रत्येकात दोन ठिपके: एक गोल केंद्रक आणि शेजारी काडीसारखा कायनेटोप्लास्ट, म्हणजे या जीवांच्या कुळाची खूण असलेला डीएनएचा पुंजका. दिवसभर मोजून रात्री डोळे मिटले तरी ते दोन ठिपके दिसत.

तिथे नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला अँटिमनीची इंजेक्शनं रोज एक याप्रमाणे महिनाभर दिली होती आणि ताप हटला नव्हता. हे त्याच्या एकट्याचं नशीब नव्हतं. ज्या अँटिमनीच्या औषधाने सत्तर वर्षं काळा आजार बरा होत आला, त्याला मुझफ्फरपूर भागात त्या काळी निम्म्याहून जास्त रुग्ण दाद देत नव्हते. परजीवी निर्ढावला होता. मुलाचे वडील लिचीच्या बागेत राखणीला होते. एके दिवशी त्याच्या आईने पदराखालून एक बाटली काढली. बागेत पेट्या ठेवणाऱ्याने दिलेला मध होता. तिने मला विचारलं, "दीदी, शहद से ई बीमारी जाई का?"

मी एकवीस वर्षांची होते आणि मला उत्तरं येतात असा माझा समज होता. मी म्हटलं, नाही जाणार, पण द्या, ताकद येईल. पुढे त्या मुलाला अँफोटेरिसिन या दुसऱ्या औषधाचं सलाईन सुरू झालं. प्रत्येक सलाईनला तो थंडीने कुडकुडायचा, दात वाजायचे, आई त्याला धरून बसायची. मी निघाले तेव्हा त्याची प्लीहा चार बोटं वर सरकली होती आणि तो जेवायला मागत होता. मला पोचवायला आई दारापर्यंत आली. तिच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर चुकीचं नव्हतं. पण ते मी विचार न करता दिलं होतं, आणि ही गोष्ट मला आजवर टोचते.

विचार करायला लावलं ते एका मधमाशीच्या आतड्याने. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मधमाशीच्या आतड्यात राहणाऱ्या एका परजीवीचं नीट वर्णन करून त्याला नाव दिलं: लोटमारिया पासिम. लॅटिनमध्ये पासिम म्हणजे जिकडेतिकडे, आणि तो तसाच आहे, जगभरच्या पोळ्यांत. त्याआधी १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या माशीत क्रिथिडिया मेलिफिकी सापडला होता. त्यांची चित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा खुर्चीत सरळ होऊन बसले. तेच केंद्रक, शेजारी तोच कायनेटोप्लास्ट. हे दोघे लेशमानियाचे भाऊबंद आहेत, एकाच ट्रिपॅनोसोमॅटिड कुळातले. लिचीच्या फुलावर बसणारी माशी आणि त्या बागेच्या राखणदाराचा मुलगा, दोघांच्या शरीरात एकाच घराण्याचे जीव वस्तीला येऊ शकतात.

म्हणजे मधमाशी ज्यांच्याशी लाखो वर्षं झगडते आहे, त्यातले काही शत्रू आपल्या शत्रूंचे सख्खे चुलत आहेत. आता राळेकडे पुन्हा बघा. माशी ती गोळा करते ती माणसांसाठी नाही. मिनेसोटा विद्यापीठात मार्ला स्पिवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की राळेने लिंपलेल्या पोळ्यात माश्यांची प्रतिकारयंत्रणा शांत असते. शरीराने करायचं काम भिंती करतात, त्यामुळे शरीराचा खर्च वाचतो. पुढे त्यांनाच असंही दिसलं की पिल्लांना बुरशीची लागण झाली की माश्या राळ जास्त आणू लागतात. घरात आजारी कुणी असलं की आजी धुरी लावायची, दाराला कडुनिंबाचा पाला बांधायची. माशीचं करणं मला त्याच जातीचं वाटतं.

ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातला एक गट गेली काही वर्षं देशोदेशीची राळ गोळा करून तपासतो आहे. युरोप, लिबिया, नायजेरिया, सौदी अरेबिया अशा ठिकाणांहून नमुने येतात. प्रत्येकाची रसायनं वेगळी, कारण प्रत्येक ठिकाणचं झाड वेगळं. तरी आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोमा आणि लेशमानिया यांच्यावर थोडाफार मारा त्यातले पुष्कळ नमुने करतात. या गटाने मांडलेला तर्क मला फार आवडतो: माशी राळ निवडते त्यामागे तिच्या स्वतःच्या आतड्यातले हेच भाऊबंद असावेत. लंडनच्या क्यू उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये बंबलबी नावाच्या केसाळ माशीबद्दल याच्या जवळचं काही सिद्ध केलं. हेदर नावाच्या झुडुपाच्या मधुरसात कॅल्युनीन हे द्रव्य असतं. ते बंबलबीच्या पोटातल्या क्रिथिडियाची शेपटी गळवतं. शेपटी गेली की परजीवीला आतड्याला धरून राहता येत नाही.

एकच ठिकाण रोगाचंही आणि मधाचंही, असं मुझफ्फरपूर एकटं नाही. ब्राझीलमधल्या मिनास जेराइस राज्यात लासांस नावाचं गाव आहे. रेल्वेच्या कामगारांमध्ये हिवताप पसरला म्हणून कार्लोस शागास या तरुण डॉक्टरला तिथे पाठवलं होतं. रेल्वेचा डबा हीच त्याची प्रयोगशाळा आणि तेच घर. एप्रिल १९०९ मध्ये बेरेनीस नावाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात त्याला ट्रिपॅनोसोमा क्रुझी सापडला. रोगाला शागासचं नाव मिळालं. तो पसरवणारा ढेकणासारखा किडा कुडामातीच्या भिंतींत राहतो. बिहारमध्ये वाळूमाशी, इकडे हा किडा, भिंत दोन्हीकडे तीच. आज जगात साठ ते सत्तर लाख माणसांच्या अंगात हा परजीवी आहे. पुष्कळांना तो वीस-पंचवीस वर्षांनी, हृदय थकू लागल्यावर कळतो. औषधं दोनच, बेंझनिडाझोल आणि निफुर्टिमॉक्स, दोन्ही अर्ध्या शतकाहून जुनी. लागण ताजी असताना ती चांगलं काम करतात, रोग मुरल्यावर त्यांचा भरवसा कमी होतो.

याच मिनास जेराइसमध्ये जगातली सगळ्यात प्रसिद्ध राळ होते. बकारिस ड्राकुनक्युलिफोलिया नावाचं झुडूप तिथे माळरानावर वाढतं. माश्या त्याच्या कोवळ्या शेंड्यांवरून हिरवी राळ आणतात. तिच्यात आर्टेपिलिन-सी नावाचं द्रव्य असतं आणि प्रयोगशाळेत या राळेचा अर्क ट्रिपॅनोसोमा क्रुझीला मारतो, हे ब्राझीलच्याच संशोधकांनी दाखवलं आहे. रिओ द जानेरोतल्या एका गटाने माशीचं विषही तपासलं. विषाच्या कोरड्या वजनात जवळपास निम्मं मेलिटिन असतं, अवघ्या २६ अमिनो आम्लांची साखळी. ती परजीवीचं पातळ आवरण फाडते. दुर्दैवाने आपल्या तांबड्या रक्तपेशींचंही फाडते, म्हणून तो रस्ता फार जपून चालायचा आहे. हिरवी राळ मात्र डब्यांतून जपानला जाते, तिथले धडधाकट लोक ती सर्दी होऊ नये म्हणून घेतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या माळावर ती उगवते त्या माळावरच्या माणसाच्या हृदयासाठी तिचा काही उपयोग होईल का, हे शोधायला लागणारा पैसा त्या व्यापाराच्या मानाने किती थोडा आहे, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

इथे मला सावकाश जायचं आहे, कारण पुढची गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांनाही मी वर्षाला दोनदा सांगते.

"अर्काने परजीवी मेला" या वाक्यात परजीवी कुठे होता ते विचारावं. बहुतेक वेळा तो काचेच्या बशीत, पोषक द्रवात पोहत होता. लेशमानिया माणसात तसा पोहत नाही. तो आपल्या पेशीच्या आत, आणि पेशीतही ज्या पिशवीत खाल्लेलं पचवलं जातं तिच्या आत बसलेला असतो. राळेचं द्रव्य तोंडाने घेतलं तर आधी आतड्यातून रक्तात उतरलं पाहिजे. राळेतली पुष्कळ फ्लॅवोनॉइडं, म्हणजे झाडांकडून आलेली द्रव्यं, तिथेच अडतात. उतरलं तर यकृत त्याला काही तासांत दुसरंच रूप देऊन बाहेर काढायच्या तयारीला लागतं. त्यातून उरलं ते प्लीहेत पोचायचं, योग्य पेशीत शिरायचं, त्या पिशवीचा पडदा ओलांडायचा, आणि एवढं सगळं करून परजीवीला मारेल इतक्या मात्रेत शिल्लक राहायचं. शिवाय त्या पेशीला धक्का लागता कामा नये. बशीत मारणारी शेकडो द्रव्यं आहेत, मिठाचं पाणीही मारतं. मधाचं तर आणखी विशेष. मध आम्लधर्मी असतो, त्यातली साखर पेशीतलं पाणी ओढून घेते, आणि तो पातळ झाला की त्यातल्या विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जखमेवर मध गुण देतो तो या तिन्हींच्या जोरावर. पण चमच्याने खाल्लेला मध पोटात गेला की त्याची साखर होते. प्लीहेपर्यंत त्यातलं काही परजीवीशी लढायला जात नाही. त्या आईला मी हे सांगायला हवं होतं, आणि अशा भाषेत की तिला पटावं.

मग त्वचेचं काय? लेशमानियाचा एक प्रकार फक्त कातडीवर व्रण करतो. राजस्थानात बिकानेरकडे तो आढळतो, इराणमध्ये भरपूर. तिथे आतडं, यकृत, प्लीहा हे अडथळेच नाहीत. व्रण समोर आहे, मध लावा. इराणच्या इस्फहानमध्ये हे करून पाहिलं गेलं आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. ९० रुग्ण, ४५-४५ चे दोन गट. सगळ्यांच्या व्रणात आठवड्याला एकदा ग्लुकँटाइमचं, म्हणजे अँटिमनीचंच, इंजेक्शन. एका गटाने शिवाय दिवसातून दोनदा मध लावायचा. नुसत्या इंजेक्शनच्या गटात ३२ जण पूर्ण बरे झाले. मध लावणाऱ्या गटात २३.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझं बालपण मधावर गेलं आहे. भाजलं, कापलं, खरचटलं की आबा मध लावत आणि ती जखम भरत असे. आयुर्वेद मधाला योगवाही म्हणतो, सोबतच्या औषधाला घेऊन जाणारा, त्याचं बळ वाढवणारा. इस्फहानला तो सोबतीला दिला आणि बळ वाढलेलं दिसलं नाही. पण याच प्रयोगाबद्दल मला सगळ्यात जास्त आदर आहे. कुणीतरी मोजलं, आणि आकडा उलटा आला तरी तो छापला.

योगवाही असण्याचं कारणही आयुर्वेदाने दिलं आहे. मध नानाद्रव्यात्मक आहे, म्हणजे अनेक फुलांच्या अनेक द्रव्यांचा बनलेला. संशोधकाच्या वाटेतला धोंडा नेमका हाच आहे. पॉप्लरच्या कोंबांची युरोपीय राळ वेगळी, बकारिसची हिरवी वेगळी, ब्राझीलच्याच ईशान्य किनाऱ्यावरची डाल्बर्जियाची लाल आणखी वेगळी. एकाच पेटीची चैत्रातली आणि भाद्रपदातली राळ सारखी निघेल याचीही हमी नाही. आज एका नमुन्याने परजीवी मारला तर उद्याच्या बाटलीत तेच आहे हे कशावरून? म्हणून माझं मत असं झालं आहे की राळेचा अर्क औषध म्हणून द्यायची घाई करू नये. तिच्यातलं एकेक द्रव्य सोडवून घ्यावं, त्याची रचना बघावी, बदलून बघावी, आहे त्या औषधांबरोबर जोडून बघावी. अँटिमनीबरोबर राळ दिल्यावर काय होतं हे ब्राझीलमध्ये उंदरांवर तपासलं गेलं आहे, आणि ती दिशा मला आशेची वाटते. पण उंदीर उंदीर आहे.

हे काम कुणी करत नाही असं नाही, आणि निसर्गातून सुरू झालेली वाट कधी पोचलीच नाही असंही नाही. जपानमधल्या मातीच्या एका नमुन्यातल्या जिवाणूपासून अ‍ॅव्हरमेक्टिन मिळालं, त्याचं आयव्हरमेक्टिन झालं. आज नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या मोहिमेत ज्या तीन औषधांच्या गोळ्या एकत्र दिल्या जातात त्यातली एक ती. २०१५ चं नोबेल ओमुरा आणि कॅम्पबेल यांना त्यासाठी मिळालं, आणि त्यांच्याबरोबर तू यूयू यांना, एका चिनी वनस्पतीतून हिवतापाचं औषध काढल्याबद्दल. आपल्याकडे उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी कलकत्त्याच्या कॅम्पबेल हॉस्पिटलमधल्या एका लहानशा खोलीत युरिया स्टिबामाइन तयार केलं, काळा आजारावरचं औषध. त्या खोलीत ना वीज होती, ना गॅस, ना नळ. रात्री ते कंदिलाच्या उजेडात काम करत. त्या औषधाने आसाम-बंगालमध्ये अगणित माणसं वाचवली. आज काळा आजारावर अँफोटेरिसिनचं चरबीच्या सूक्ष्म थेंबांत बसवलेलं रूप आहे, त्याचा एकच डोस पुरतो. त्या मुलाचं कुडकुडणं आठवलं की मला या एका डोसचं अप्रूप वाटतं. २०२३ मध्ये बांगलादेशाने हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवला, तसं करणारा तो पहिला देश. भारतातही रुग्ण फार कमी झाले आहेत. पण बरे झालेल्या काहींच्या अंगावर पुढे डाग उठतात आणि त्या डागांत परजीवी जिवंत असतो, वाळूमाशीची वाट बघत. अँटिमनीला तो एकदा निर्ढावला. पुढच्या औषधाला निर्ढावणार नाही अशी लेखी हमी त्याने कुणाला दिलेली नाही. नवी द्रव्यं हाताशी हवीतच. मग ती माशीच्या वेशीवर का शोधू नयेत?

मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. दोन वर्षांपूर्वी विदर्भातल्या माझ्या एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या आईला हत्तीरोग. उजवा पाय जड झालेला, मधूनमधून ताप येऊन पाय लाल होतो. गावात कुणीतरी येऊन तिला प्रोपोलिसच्या थेंबांची बाटली विकून गेलं होतं. सहा महिन्यांत पाय पहिल्यासारखा होईल, गोळ्या घेऊ नका, उष्ण पडतात. बाटलीची किंमत ऐकून मी गप्प झाले. त्या बाईंनी मोहिमेतल्या गोळ्या नाकारल्या होत्या, आणि रोज साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायचं आरोग्यसेविकेने शिकवलेलं कामही सोडलं होतं. थेंब घेते ना, मग कशाला.

मी त्यांच्याशी फोनवर अर्धा तास बोलले. काकू, मी मधपाळाची लेक आहे, मधमाशीबद्दल वाईट बोलणार नाही, इथपासून सुरुवात केली. आलेली सूज गोळ्यांनी उतरत नाही हे खरंय, पण रक्तातली हत्तीरोगाची पिल्लं त्या मारतात आणि तुमच्यापासून नातवाला होणारी लागण तुटते. पाय धुतला, कोरडा ठेवला, भेगेला मलम लावलं तर ते तापाचे झटके कमी होतात. राळेने हत्तीरोग गेलेला माणूस मला अजून दिसलेला नाही. दिसला तर पहिला फोन तुम्हाला करीन. त्या म्हणाल्या, "बाई, एवढं कोणी समजावूनच नाही सांगितलं." हे ऐकून मला समाधान वाटायला हवं होतं. वाटली ती लाज. कारण १९९६ साली मीही कुणाला तरी समजावून सांगितलं नव्हतं.

गेल्या दोन उन्हाळ्यांपासून मी चुलतभावाच्या पेट्यांमधली राळ खरवडून ठेवते. लहान काचेच्या बाटल्या, प्रत्येकीवर तारीख, पेटी कुठे होती, आजूबाजूला काय फुललं होतं. माझी एक विद्यार्थिनी पुण्यात वनस्पतींच्या रसायनांवर काम करते, ती या बाटल्या तपासायला घेणार आहे. चिठ्ठीवर एक रकाना मात्र प्रत्येक वेळी कोरा राहायचा: राळ कुठल्या झाडाची. एकदा आबांनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि तेच विचारलं.

"माहीत नाही, आबा."

"मग बसून बघाय नको?"

आबा आता ऐंशीचे आहेत. त्या दुपारी त्यांनी पेटीसमोर घोंगडी टाकली आणि आम्ही बसलो. राळ उन्हाने मऊ झाल्याशिवाय माशीला खरवडता येत नाही, म्हणून बसायचं ते ऐन उन्हात. पराग घेऊन येणाऱ्या माश्या एकामागून एक उतरत होत्या, पायांवर पिवळे, पांढुरके, नारिंगी गोळे. परागाचा गोळा कोरडा दिसतो. तासाभराने आबांनी माझं मनगट दाबलं. एक माशी फळीवर उतरली होती, तिच्या पायांवरचे गोळे काचेसारखे चकाकत होते. ती जुन्या आंब्याकडून आली होती, असं आबांचं म्हणणं. माझं लक्ष तेव्हा दुसरीकडे होतं.

परागाचे गोळे माशी स्वतःच्या पायांनी उतरवते. राळ इतकी चिकट असते की ती तिची तिला काढता येत नाही. ती आत जाऊन उभी राहते, आणि दुसऱ्या माश्या येऊन तिच्या पायांवरून ती तोडून तोडून घेतात. मी हे आबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आंबाच लिही म्हणत न्हाई मी. उद्या परत बसू."